शिराकावाचा शरद आणि गावकीची छपरे

वाचकहो, आपल्याकडे नवरात्राचे घट बसतात, खरिपाच्या काढणीची धांदल सुरू असते आणि पहाटे घोंगडी अंगावर ओढून घ्यावीशी वाटू लागते, त्या दिवसांतल्या एका जपानी गावात आज तुम्हांला घेऊन जाणार आहे. गावाचे नाव ओगिमाची. गिफू प्रांतातल्या शिराकावा ग्रामपंचायतीची ही मुख्य वस्ती. सगळ्या परिसराला शिराकावा-गो असे म्हणतात. जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगगाड्या आणि कारखाने येतात. त्या देशाची सुमारे दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शिराकावाचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे आपल्या तालुक्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्यातले शेकडा ९५ रान आणि डोंगर. माणसे मात्र दीड हजारांच्या आसपास, आपल्या एखाद्या लहान गावाएवढी.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नागोया शहरात होते, म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरात मला तिथे दोन दिवस राहायला मिळाले. सरकारी दौरा नव्हता, त्यामुळे परतल्यावर अहवाल लिहायचा नव्हता. पाहिले ते आपल्या शेतकरी मंडळींना सांगावे असे मात्र तेव्हापासून मनात होते.

नागोयाहून बस निघते आणि अडीच-तीन तासांत गावात पोचते. वाटेत एक बोगदा लागतो, जवळजवळ अकरा किलोमीटर लांबीचा. हा द्रुतगती रस्ता २००८ साली पुरा झाला. त्याआधीची पिढी सांगते, की हिवाळ्यात बर्फ पडला की गाव जगापासून तुटायचे. जमिनीवर दोन-दोन मीटर बर्फ साचतो. म्हणजे आपला उंच माणूससुद्धा त्यात बुडेल. या बर्फाने तिथल्या लोकांना घर कसे बांधावे, केव्हा कापावे आणि शेजाऱ्याशी कसे वागावे हे शिकवले आहे.

गावात शिरण्याआधी उत्तरेकडच्या टेकडीवर जा. तिथे पूर्वी किल्ला होता, आता नुसती मोकळी जागा आहे. खाली शोगावा नदीचे वळण, तिच्या काठाने भातखाचरे आणि खाचरांमध्ये विखुरलेली उंच, टोकदार गवती छपरे. सगळ्या घरांची तोंडे जवळजवळ एकाच दिशेला. पहिल्यांदा पाहताना मला तर शेतात कोणी मोठमोठ्या गंज्या रचून ठेवल्या आहेत असे वाटले. पाठीमागे हाकुसान पर्वताच्या रांगा. मुख्य शिखर २,७०२ मीटर उंच. मी गेलो तेव्हा वरचे उतार पेटल्यासारखे लाल-पिवळे झाले होते, मधल्या पट्ट्यात रंग नुकता धरत होता आणि गावातली झाडे अजून बहुतेक हिरवीच होती. तिथे रंग डोंगरावरून पायरीपायरीने खाली उतरतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माथ्याकडे दिसतो, गावात पोचायला महिन्याची अखेर किंवा नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडतो.

याचे कारण तुम्हां शेतकऱ्यांना चटकन कळेल. आपल्याकडची पानगळ पाण्याच्या तुटवड्यामुळे होते. साग, पळस माघ-फाल्गुनात उघडे पडतात. तिथे ती थंडीमुळे होते. दिवस आखूड झाला, रात्रीचा पारा उतरला, की झाड पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्यातले नत्र फांदीत, खोडात परत ओढून घेते. कष्टाने मिळवलेले खत बर्फात वाया घालवायला झाड तयार नसते. हिरवा रंग गेला की पानात आधीपासून असलेला पिवळा वर दिसू लागतो. मेपलसारखी झाडे तर त्या वेळी नव्याने लाल रंग तयार करतात. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक गारवा असला म्हणजे तो लाल अधिक खुलतो.

आता खाली उतरू. भाताची कापणी सप्टेंबरातच झालेली असते. धसकटांना पुन्हा हिरवे फुटवे आलेले असतात, पण ते पोटरीत यायच्या आधी बर्फ त्यांना गाठणार. खाचरे लहान, कोणी पाच गुंठ्यांची तर कोणी दहा. बांध असे साफ की आपल्या पाहणीच्या प्लॉटचीसुद्धा लाज वाटावी. परसात पर्सिमॉनची झाडे, शेंदरी फळांनी लगडलेली. हिमाचल प्रदेशात या फळाला जपानी फळच म्हणतात. तुरट जातीची फळे सोलून, दोरीत ओवून पागोळीखाली वाळत घालतात. महिन्याभरात तुरटपणा जाऊन ती खजुरासारखी गोड होतात.

घरांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. या बांधणीला गाश्शो-झुकुरी म्हणतात. गाश्शो म्हणजे जोडलेले हात, आपला नमस्कार. दोन्ही पाखी साठ अंशांच्या आसपास उभी असतात, त्यामुळे बर्फ फार वेळ टिकत नाही, घसरून पडतो. आढे दक्षिणोत्तर ठेवलेले असते, म्हणून एका पाख्याला सकाळचे आणि दुसऱ्याला दुपारनंतरचे ऊन मिळते व गवत दोन्हीकडे सारखे वाळते. दरीतला वाराही आढ्याच्या दिशेनेच वाहतो, तो रुंद पाख्यावर आपटत नाही. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. मोठे वासे गवताच्या दोरांनी आणि ओल्या असताना पिळून बांधलेल्या लवचीक फांद्यांनी आवळलेले. फांदी वाळली की गाठ आणखी घट्ट बसते. वाशांची खालची टोके पेन्सिलीसारखी निमुळती करून तुळईच्या खोबणीत नुसती टेकवलेली असतात. वारा, भूकंप, बर्फाचा भार आला की सगळे छप्पर किंचित हलते, मोडत नाही. खाली सुतारकाम आणि वर गावकीचे काम अशी तिथे जुनी वाटणी आहे. खालचे घर बाहेरून आलेला सुतार बांधी, छप्पर मात्र गावाने बांधायचे.

आम्ही उतरलो तेही असेच एक घर. म्हातारे नवरा-बायको पाहुण्यांसाठी तीन-चार खोल्या चालवतात. जेवणघरात जमिनीत चौकोनी चूल, तिच्यात मंद विस्तव. धूर डोळ्यांत जातो, पण वर चढत जाऊन तोच गवताला आणि दोरांना कीड लागू देत नाही. आपल्याकडच्या चुलीच्या धुराने काळे झालेले वासे आठवा, ते सहसा पोखरले जात नाहीत. चुलीवर धूर बंद झालेली घरे लवकर कुजतात, असे यजमानबाईंनी माझ्या मुलीकरवी सांगितले. जेवणात रानभाज्या, नदीतला मासा आणि इतका घट्ट सोयापनीर, की पूर्वी तो दोरीने बांधून नेत असत म्हणे. माझ्यासाठी त्यांनी मासा बाजूला ठेवून रानातल्या आळिंबीची भाजी केली.

जेवणानंतर यजमानांनी माळा दाखवला. माळा म्हणजे काय, छपराच्या पोटात दोन-तीन मजले! तिथे पूर्वी रेशीमकिडे पाळत. तुतीची शेती डोंगरउतारावर, किड्यांचे ट्रे माळ्यावर, आणि खालच्या चुलीची ऊब बांबूच्या व लाकडी फटींतून वर जाणार. आपल्याकडे मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात आज अनेकजण तुती लावून संगोपनगृहे बांधतात, त्यांनी हे पाहण्याजोगे आहे. हवा खेळती ठेवायला दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना खिडक्या, उजेड बेताचा आणि खर्च जवळजवळ शून्य.

माळ्याहूनही मला जोत्याखालचा धंदा अजब वाटला. या भागातले लोक घराच्या जमिनीखाली खड्डे करून त्यात माती, रानगवत, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि मूत्र यांचे थर लावत. वर्षानुवर्षे ते मुरवून, माती पाण्याने धुऊन, ते पाणी आटवून त्यातून सोरा काढत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. मातीतले जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, हे आपण कृषी महाविद्यालयात फळ्यावर शिकलो; या लोकांनी ते शास्त्राचे नावही ऐकण्याआधी पोटासाठी वापरले. बर्फाळ मुलखात भात थोडा पिके, पण रेशीम आणि सोरा या दोन जिनसांवर घरे एवढी मोठी झाली. एकेका घरात तीस-चाळीस माणसे राहत. पुढे परदेशातून स्वस्त सोरा येऊ लागला आणि तो धंदा बसला. मागून रेशीमही गेले.

धंदे गेले, की घरे का ठेवावीत? हा प्रश्न तिथेही आला. १९२४ च्या सुमारास या परिसरात अशी सुमारे ३०० घरे होती. ब्रुनो टाऊट हा जर्मन वास्तुविशारद १९३५ साली येथे आला आणि त्याने या बांधणीची तोंड भरून स्तुती केली, पण स्तुतीने छप्पर शाकारले जात नाही. पुढे शोगावा नदीवर मिबोरो धरण झाले, ते १९६१ साली पुरे झाले, आणि वरच्या अंगाच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. आपल्याकडे कोयना, उजनी, जायकवाडीच्या काठच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. काही घरे आगीत गेली, बरीच शहरातल्या उपाहारगृहांना आणि संग्रहालयांना विकली गेली. मोडून, लाकडांवर आकडे घालून, ट्रकवर लादून नेलेली. १९७१ च्या डिसेंबरात ओगिमाचीचे लोक एकत्र बसले आणि त्यांनी तीन गोष्टींचा ठराव केला : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, मोडायचे नाही. घरे, शेते, झाडे, सगळ्यांना हाच नियम. सरकारने वस्तीला संरक्षण दिले ते १९७६ साली, आणि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आले १९९५ साली. हा क्रम ध्यानात घ्या. आधी गावकी बसली, सरकार मागून आले. तीस वर्षे पंचायत समित्यांतून फिरलेल्या माझ्यासारख्याला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

आता जत्रेकडे वळू. माझे जाणे मुद्दाम त्याच मुहूर्तावर होते. १४ आणि १५ ऑक्टोबरला ओगिमाचीच्या हाचिमान देवळात दोबुरोकूचा उत्सव असतो. मागोमाग शेजारच्या वस्त्यांतल्या देवळांतही होतो. दोबुरोकू म्हणजे तांदळाची न गाळलेली, दाट पांढरी दारू. घरी दारू गाळायला जपानात १८९९ पासून बंदी आहे. पण या देवळांना खास परवाना आहे. थंडी ऐन भरात असते तेव्हा, जानेवारीच्या अखेरीस, गावातलीच जाणती माणसे देवळाच्या आवारातल्या कोठीत तांदूळ, बुरशी लावलेला तांदूळ आणि पाणी यांचे मिश्रण घालतात. नव्या भाताची कापणी झाल्यावर ते देवापुढे उघडायचे, पिकाबद्दल आभार मानायचे आणि डोंगरच्या देवाला गावाचे क्षेम मागायचे. ही चाल तेराशे वर्षांची असल्याचे सांगतात.

सकाळी देवळातून पालखी निघते. पुढे रंगीत निशाणे, सनई-बासरीसारखी वाद्ये, ढोल, आणि मागे पारंपरिक पोशाखातले गावकरी खाचरांच्या बांधांमधून ओळीने चाललेले. बघता बघता मला आपल्या ग्रामदैवताच्या छबिन्याची आठवण झाली. मग सिंहनृत्य. एकाच कापडाखाली कितीतरी जवान शिरतात, पुढच्याच्या डोक्यावर लाकडी मुखवटा, आणि तो लांबलचक सिंह गोमेसारखा वळवळत अंगणात फिरतो. ताल चुकला तर मधलाच कोणी आपटायचा. पोरे हसतात, म्हातारे मात्र मान हलवून ताल पाहत असतात.

दुपारी देवळाच्या आवारात चटया अंथरल्या जातात. आलेल्या पाहुण्याने एक छोटी बशी विकत घ्यायची आणि खाली बसायचे. पांढरे एप्रन घातलेल्या गावातल्या बायका तोटीच्या भांड्यातून दोबुरोकू ओततात, बशी रिकामी झाली की पुन्हा येतात. मी माळकरी घरातला. बशी कपाळाला लावली आणि जावयाकडे सरकवली. आंबूस, भाताच्या पेजेसारखा वास येत होता. जावयाचे मत विचारले तर त्याने दुसऱ्यांदा बशी पुढे केली, त्यावरून तुम्हीच काय ते समजा. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे : संध्याकाळपर्यंत आवाज चढले, गाणी झाली, पण भांडण कुठे दिसले नाही, आणि अंधार पडायच्या आत चटया गुंडाळून अंगण झाडलेले होते. झाडणारे कोण, असे विचारले. या वर्षी ज्या आळीची पाळी आहे ती, असे उत्तर मिळाले.

पाळी हा शब्द त्या दोन दिवसांत मी इतक्या वेळा ऐकला, की शेवटी त्यावरच बोलायचे ठरवले. गावात पाळीचे आणि परस्परांच्या कामाचे जुने नाव आहे युइ. अर्थ बांधणे, गाठ. तुम्हांला इर्जिक आठवते का? माझ्या लहानपणी घाटावरच्या आमच्या गावात एखाद्याची पेरणी अडली, बैल मेला, की दहा-पंधरा औते एका दिवशी त्याच्या रानात उतरत. मालकाने जेवण घालायचे, मजुरी नाही. आणि सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. युइ म्हणजे या दोन्हींची बहीण. गवती छप्पर तीस-चाळीस वर्षे टिकते. म्हणजे माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा त्याच्या घराची शाकारणी येणार. पण शेजाऱ्यांच्या छपरांवर त्याने दर वर्षी चढायचे. कोणी किती दिवस आले, किती दोर, किती गवत आणले याची वही ठेवलेली असते. बापाने दिलेले दिवस मुलाला परत मिळतात. एका मोठ्या छपरावर शे-दोनशे माणसे दोन दिवस राबत आणि काम संपवत. २००१ साली नागासे यांच्या मोठ्या घराची शाकारणी अशीच पाचशेवर माणसांनी केली, ती जपानी दूरदर्शनने साऱ्या देशाला दाखवली.

ते दृश्य फार सुंदर असते, पण आता नित्याचे राहिलेले नाही. बहुतेक छपरांचे काम आज शिकलेले कारागीर करतात, एका वेळी एकच पाखे, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. युइ पूर्णपणे गेलेली नाही. काही छपरांना अजूनही गाव गोळा होते, बाहेरचे स्वयंसेवकही येतात. अडचण पैशाची नाही. उलट पैसा आल्यामुळे अडचण आहे. वर्षाला पंधरा लाखांहून अधिक प्रवासी या दीड हजार वस्तीच्या गावात येतात. कोणाचे खाणावळीचे दुकान, कोणाचे वाहनतळ, कोणाच्या घरी पाहुणे. शाकारणीला रविवार ठरवावा, तर रविवार हाच सगळ्यांच्या गल्ल्याचा दिवस! आमच्या यजमानांनी तक्रारीचा सूर न लावता हे सांगितले. त्यांचा मुलगा ताकायामा शहरात नोकरी करतो, छपरावर चढायला सुटी काढून येतो. नातू येईल का, यावर ते नुसते हसले आणि चुलीतले लाकूड पुढे सारले.

शेतांचीही तीच कथा. चार-चार गुंठ्यांच्या खाचरांत भात लावून तिथे कोणाचे पोट भरत नाही. मध्यंतरी काही खाचरे बुजवून गाड्या उभ्या करायची जागा केली गेली, कारण त्यात भातापेक्षा कितीतरी अधिक मिळकत. मग गवती छपरे तशीच, पण त्यांच्या पायाशी पाण्याच्या जागी मोटारींची चकचक. यावर गावात बरीच वर्षे वाद झाले. मुख्य वाहनतळ नदीपलीकडे नेला, दिवसा बाहेरच्या गाड्यांना वस्तीत बंदी घातली. प्रवासी १०७ मीटर लांबीच्या झुलत्या पुलावरून चालत येतात. पडीक खाचरे पुन्हा लागवडीखाली आणायचे प्रयत्न चालू आहेत. माझे स्पष्ट मत विचाराल, तर केवळ दिसायला बरे म्हणून भात लावणे मला शेतकरी म्हणून मानवत नाही. पण यजमानबाईंनी त्याच खाचराचा तांदूळ मला वाढला होता, पेंढा त्यांच्या परसात रचलेला होता आणि खाचराच्या पाटाचे पाणी घरापुढे वाहत होते. हे निव्वळ देखाव्याचे शेत आहे असे त्या ताटापुढे बसून म्हणवेना.

शरदातले दुसरे मोठे सामुदायिक काम जत्रेसारखे आनंदाचे नाही. गवताची शंभरावर लहानमोठी छपरे एकमेकांशेजारी. एक ठिणगी पुरते. म्हणून गावभर ५९ पाण्याच्या तोफा बसवलेल्या आहेत, एरवी लहानशा लाकडी खोपटांत झाकलेल्या. पाणी उंचावरच्या टाकीतून येते, दाब उताराचाच, म्हणजे वीज गेली तरी तोफ चालणार. बर्फ पडण्यापूर्वी, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्या एकाच वेळी उघडून चाचणी घेतात. साऱ्या गावावर पाण्याचे कारंजे उडते आणि मागे लाल डोंगर. छायाचित्रे काढणारे एवढे लोटू लागले, की अलीकडे चाचणीचा दिवस आधी जाहीर करण्याचे टाळतात. ते योग्यच आहे, कारण हा खेळ नाही. २०१९ च्या ४ नोव्हेंबरला वाहनतळाजवळच्या दोन खोपटांना आग लागली तेव्हा वस्तीतल्या तोफा उघडून जवळच्या छपरांवर पाण्याचा पडदा धरला गेला. खोपटे गेली, माणूस दगावला नाही, वस्तीला धग लागली नाही.

तोफेहून जुनी व्यवस्था म्हणजे गस्त. रोज, वर्षाचे सगळे दिवस, घरटी पाळीने कोणीतरी गावातून फिरतो आणि आग सांभाळा असे ओरडतो. पाळीची लाकडी पाटी एका घरून दुसऱ्या घरी जाते. आम्ही होतो त्या रात्री जत्रेची दमणूक असूनही गस्त चुकली नाही. खिडकीतून मी पाहिले : एक बाई, हातात बत्ती, सोबत शाळकरी मुलगा.

तुमच्यापैकी कोणाची मुले जपानात असतील आणि जाणे झालेच, तर काही व्यवहाराच्या गोष्टी. मुक्कामाची जागा कित्येक महिने आधी ठरवावी लागते. शरदात तर फारच आधी. गावात उघड्यावर विस्तव, सिगारेट, फटाके यांना मनाई आहे. कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. आपला कचरा आपण परत न्यायचा. आणि ही घरे संग्रहालये नाहीत. आत माणसे जेवतात, झोपतात, कपडे वाळत घालतात. वादा यांच्या घरासारखी काही घरे शुल्क देऊन आतून पाहता येतात, तीच पाहावीत. आपल्याकडचे काही उत्साही पाहुणे एका परसातल्या पर्सिमॉनखाली उभे राहून फळ तोडताना मी पाहिले, म्हणून हे लिहिले. आमच्या मुलीने त्यांना मराठीतच हटकले तेव्हा ते दचकले!

ऑक्टोबर सरता सरता गावात काया कापायला सुरुवात होते. काया म्हणजे छपराचे गवत, आपल्या डोंगरी गवतासारखे उंच. तेही पीकच आहे. राखीव कुरणात झुडपे माजू द्यायची नाहीत आणि दर वर्षी कापायचे, तरच गवत सरळ व लांब येते. एक-दोन वर्षे कापणी टळली, की कुरणाचे रान व्हायला लागते. गावाजवळची कितीतरी कुरणे अशीच गेली आणि आता पुष्कळसे गवत बाहेरून विकत आणावे लागते. म्हणून उरलेल्या कुरणांवर गावकरी, शाळेची मुले आणि बाहेरचे स्वयंसेवक मिळून विळे चालवतात. पेंढ्या बांधून त्यांचे शंकूसारखे ढीग कुरणातच उभे करतात. त्याच सुमारास घरोघर भिंतींच्या खालच्या भागाला फळ्या आणि गवताचे ताटवे बांधून बर्फाची आडोसबंदी होते, मुळे आणि कोबी पुरून ठेवले जातात, हाकुसानकडे जाणारा डोंगररस्ता नोव्हेंबरात बंद होऊन थेट जूनमध्ये उघडतो. मग पहिला बर्फ येतो. कुरणातले गवताचे ढीग तसेच बर्फात उभे राहतात, आणि वसंतात, वाळून करकरीत झाल्यावर, ज्याच्या छपराची पाळी असेल त्याच्या दारात जातात.